पानाच्या पोटातील बिऱ्हाड

भूर्जपत्र हा शब्द आपल्या कानांवरून अनेकदा गेलेला असतो. कागद आपल्या देशात येण्यापूर्वी उत्तरेकडील पंडित आपले ग्रंथ ज्या सालीवर लिहीत, ती साल म्हणजे भूर्जपत्र. नावात 'पत्र' असले, तरी ते पान नव्हे. हिमालयाच्या उंच उतारांवर, जेथे वृक्षांची वस्ती संपत येते, तेथे वाढणाऱ्या भूर्ज नावाच्या झाडाची ती साल होय. तिचे पापुद्रे कागदासारखे सहज सुटतात. 'कुमारसंभव' काव्याच्या आरंभी कालिदासाने हिमालयाचे जे वर्णन केले आहे, त्यात विद्याधरांच्या स्त्रिया या सालीवर प्रेमपत्रे लिहितात. १८८१ मध्ये पेशावरजवळील बख्शाली गावी जमिनीत सापडलेले गणिताचे प्राचीन हस्तलिखितही भूर्जपत्रांवरच लिहिलेले आहे. गंगोत्रीहून गोमुखाकडे जाताना वाटेत भोजबासा लागते. ते नावही या झाडावरूनच पडले.

भूर्जाची साल अशी ग्रंथांतून अजरामर झाली. त्याच्या पानाचे कौतुक मात्र फारसे कोणी केले नाही. ते पान लहान, टोकाशी निमुळते, कडेला दाते असलेले आणि अतिशय पातळ असते. परंतु सालीवर जसे माणसाने लिहिले, तसे पानावरही कोणीतरी लिहीत असते. हिमालयातील भूर्जाची अनेक भावंडे युरोप, सैबेरिया व उत्तर अमेरिका येथील थंड प्रदेशांत आहेत. तिकडे त्यांना बर्च म्हणतात. आपण त्या सर्वांना भूर्जच म्हणू. उन्हाळ्याच्या दिवसांत युरोपातील एखाद्या भूर्जवनात शिरून पाने नीट न्याहाळली, तर कोठे पांढुरकी नागमोडी रेघ, कोठे तपकिरी डाग, कोठे फुगलेला फोड असे काही ना काही दिसतेच. हे लिहिणारा लेखक पानाच्या वर नसतो आणि खालीही नसतो. तो पानाच्या आत राहतो.

पानासारख्या पातळ वस्तूला आत असा काही भाग असतो, हेच प्रथम पटत नाही. पण याचा एक नमुना आपल्या परसातही पाहावयास मिळतो. लिंबाच्या किंवा संत्र्याच्या कोवळ्या पानावर कधीकधी चंदेरी, वेड्यावाकड्या रेघा उमटलेल्या असतात आणि पान आक्रसून जाते. आपले शेतकरी तिला नागअळी म्हणतात. ती एका चिमुकल्या पतंगाची अळी असते. भूर्जाच्या पानातील रहिवासी तिचे सख्खे भाऊबंद नव्हेत. पण राहण्याची तऱ्हा तीच.

पान हे पुरणपोळीसारखे असते असे समजा. वर एक पातळ, पारदर्शक त्वचा. खाली तशीच दुसरी. आणि या दोन पाऱ्यांच्या मध्ये हिरव्या पेशींचे पुरण. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने झाडाचे अन्न येथेच तयार होते. बाहेरून पान कुरतडणारी अळी सगळी पोळी खाते. त्यात चिवट त्वचाही येते आणि शिराही येतात. पान पोखरणारी अळी मात्र मोठी चोखंदळ. दोन्ही पाऱ्या शाबूत ठेवून ती नुसते पुरण फस्त करीत पुढे सरकते. जेथून ती गेली, तेथे हिरवा रंग नाहीसा होतो आणि रिकामे भुयार राहते. फ्रान्समधील रोमूर नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात अशा अळ्यांचे बारकाईने निरीक्षण करून त्यांना खाण खोदणाऱ्यांची उपमा दिली. युरोपीय भाषांत त्यांची नावे आजही त्याच अर्थाची आहेत.

एवढ्या अरुंद जागेत संसार करावयाचा म्हणजे शरीरही तसेच हवे. या अळ्यांचे अंग दाबून चपटे केल्यासारखे असते. डोके पाचरीसारखे पुढे आलेले, म्हणजे जबडे सरळ समोरच्या पेशींवर चालावेत. पाय आखूड झालेले, आणि काही जातींत तर मुळीच नाहीत. कारण जेथे उभे राहावयास जागा नाही तेथे पायांचा उपयोग काय? या बिऱ्हाडाचे फायदेही पुष्कळ आहेत. ऊन, वारा, पाऊस यांची बाधा होत नाही. अन्न आणि पाणी घरातच. अंगाला कोरड पडण्याची भीती नाही. परंतु एका घराचे सुख घेतले म्हणजे त्याच घराची कैदही आली. पान वाळले, तर अळीला दुसऱ्या पानावर जाता येत नाही. आणि खाल्लेल्या अन्नाची विष्ठा टाकावयास बाहेरची जागा नसल्यामुळे तीही घरातच साठते.

ही विष्ठा ओंगळ वाटेल, पण शास्त्रज्ञांना तिचा मोठा उपयोग होतो. लेखक कोण हे जसे आपण हस्ताक्षरावरून ओळखतो, तसे पान कोणी पोखरले हे भुयाराच्या आकारावरून व त्यातील विष्ठेवरून सांगता येते. वसंताच्या आरंभी भूर्जाच्या पानात एका पुरातन कुळातील पतंगाच्या अळ्या असतात. त्यांची विष्ठा शेवयांसारख्या लांब दोऱ्यांनी भुयारात पसरलेली असते. दुसरे काही पतंग इतके लहान, की पंख पसरले तरी पाच-सहा मिलिमीटरच भरावेत. त्यांच्या अळ्या पानात बारीक नागमोडी वाट काढतात आणि त्या वाटेच्या मधोमध विष्ठेची काळी रेघ उमटते. वाट आरंभी सुतासारखी असते व पुढे रुंदावत जाते, कारण अळी वाढत असते. त्या एका रेघेत अळीचा जन्म, तिचे बालपण आणि तिचे घर सोडून जाणे, सारे क्रमाने वाचता येते. असले आत्मचरित्र इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच कोणी लिहिले असेल!

शरद ऋतूत या अळ्यांपैकी काहींची एक करामत दिसून येते. थंडीची चाहूल लागताच भूर्जाची पाने पिवळी पडतात. झाड पानांतील पोषक द्रव्ये परत ओढून घेते व पाने गाळून टाकते. अशा पूर्ण पिवळ्या पानात एखादा हिरवा ठिपका समुद्रातील बेटासारखा तसाच राहिलेला असतो. जवळून पाहिल्यास त्या हिरव्या बेटात एक अळी शांतपणे चरत असते. पान गळून जमिनीवर पडले, तरी ते बेट काही काळ हिरवेच राहते. १९६९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी भूर्जाची अशी पाने तपासली, तेव्हा त्या हिरव्या भागात पेशींना म्हातारपण येऊ न देणाऱ्या द्रव्याचा साठा आढळला. सफरचंदाच्या पानातील अशाच एका अळीवर पुढे प्रयोग झाले. त्या अळीच्या शरीरात राहणारे सूक्ष्म जंतू नाहीसे केले, तेव्हा हिरवे बेटही नाहीसे झाले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे पानाच्या पोटात अळी, आणि अळीच्या पोटात तिला मदत करणारे आणखी कोणी!

येथवर जे सांगितले, त्यात झाडाची फारशी हानी नाही. युरोपातील भूर्ज आणि त्याची पाने पोखरणारे कीटक दीर्घ काळ एकत्र नांदत आले आहेत. काही पाने जातात, काही राहतात. झाडाचे विशेष बिघडत नाही. परंतु यांपैकीच एक कीटक एकदा समुद्र ओलांडून गेला आणि मग मात्र फार मोठा अनर्थ झाला.

हा कीटक म्हणजे एक करवतमाशी. नावात माशी असली, तरी ती घरमाशीच्या जातीची नव्हे. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या ज्या गणात मोडतात, त्या गणातील ती आहे. मादीच्या शेपटाशी अंडी घालण्याचे एक अवजार असते आणि त्याला करवतीसारखे दाते असतात, म्हणून हे नाव. भूर्जावरील ही करवतमाशी काळ्या रंगाची व जेमतेम तीन मिलिमीटर लांब असते. वसंतात भूर्जाची पालवी उलगडू लागली, की ती मातीतून वर येते. कोवळे पान शोधून ती मधल्या शिरेजवळ आपल्या करवतीने बारीक चीर पाडते व तीत अंडे सरकवून देते. एकाच पानात अशी अनेक अंडी पडतात. पान जून झाले, की ते तिच्या कामाचे नसते. म्हणूनच झाड सगळी पालवी एकदम फोडते, तो पहिला बहर तिच्या फार उपयोगी पडतो.

आठ-दहा दिवसांत अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात व पान पोखरू लागतात. आरंभी प्रत्येकीचे खोदकाम वेगळे असते. पुढे भिंती फुटतात, भुयारे एकमेकांस मिळतात आणि अर्धे-अधिक पान पोकळ होऊन फोडासारखे फुगते. असे पान उजेडासमोर धरले, तर पातळ पडद्याआड अळ्या हलताना दिसतात. त्यांच्याभोवती विष्ठेचे काळे कण खसखशीसारखे सांडलेले असतात. दोन आठवड्यांच्या आत खाणे आटोपते. मग अळी त्वचेला भोक पाडून बाहेर येते, जमिनीवर पडते आणि दोन-तीन बोटे खोल मातीत शिरून तेथे लहानशी कोठडी बांधते. दोन-तीन आठवड्यांत तीतून नवी माशी निघते. हा फेरा एका उन्हाळ्यात दोनदा, तीनदा, क्वचित चारदाही होतो. शेवटच्या पिढीतील अळ्या हिवाळाभर मातीतच निजून राहतात.

उत्तर अमेरिकेत ही माशी प्रथम १९२३ मध्ये कनेटिकट राज्यात आढळली. ती कशी पोहोचली हे कोणी पाहिले नाही. बहुधा युरोपातून आणलेल्या रोपांच्या मुळांभोवतीच्या मातीतून आली असावी. तिचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घेतले पाहिजे. या जातीत नर फार थोडे. मादी नराखेरीजही अंडी घालते व त्यांतून पुन्हा माद्याच जन्मतात. तेव्हा ढेकळातून एखादीच अळी आली असली, तरी नवी वसाहत बसविण्यास ती पुरेशी होती. पुढील काही दशकांत ही माशी संयुक्त संस्थानांच्या ईशान्य भागात आणि कॅनडात दूरवर पसरली.

तेथील लोकांना भूर्ज अत्यंत प्रिय. त्या प्रदेशातील मूळ रहिवाशांनी शतकानुशतके भूर्जाच्या सालीच्या हलक्या होड्या केल्या, भांडी केली, झोपड्या शाकारल्या. पुढे आलेल्या वसाहतकारांनी आपल्या अंगणांत आणि रस्त्यांच्या कडेला पांढऱ्या खोडाचे भूर्ज हौसेने लावले. आता जून महिना आला, की ही झाडे वणव्यात होरपळल्यासारखी तपकिरी दिसू लागली. एवढ्याने झाड सहसा मरत नाही. ते पुन्हा पालवी फोडते. पण त्या पालवीवर माशीची पुढची पिढी टपलेलीच असते. वर्षानुवर्षे असे चालले म्हणजे झाड अशक्त होते, आणि अशक्त झाडाला खोड पोखरणारा एक भुंगेरा हेरतो. तो सालीखाली शिरला, की मात्र झाडाची शेंड्यापासून मर सुरू होते.

माणसाने अर्थातच विषाचा उपाय केला. पण पानावर फवारलेले साधे विष त्वचेच्या बाहेरच राहते, आणि अळी तर आत. मग रसाबरोबर पानापर्यंत चढणारी विषे मुळांशी ओतली, खोडात टोचली. अंगणातील एखाद्या झाडापुरते ते ठीक. खर्च मोठा, आणि दर वर्षी पुन्हा करावयाचे. हजारो एकर रानातील प्रत्येक भूर्जाला कोण आणि किती दिवस टोचीत बसणार? शिवाय त्या विषाने इतर निरुपद्रवी जीव मरतात, ते वेगळेच.

तेव्हा काही कीटकशास्त्रज्ञांनी उलट दिशेने विचार केला. अमेरिकेत ही माशी का माजली, असे विचारण्याऐवजी त्यांनी विचारले, की युरोपात ती का माजली नाही? झाड तेच, माशी तीच. मग तेथे तिला आवरते कोण? मध्य युरोपातील भूर्जांच्या पानांतून त्यांनी अळ्या गोळा केल्या व त्या वाढविल्या. अनेक कोठड्यांतून करवतमाशी बाहेर पडलीच नाही. तिच्या जागी बाहेर पडली एक सडपातळ, लांब मिशांची गांधीलमाशी.

गांधीलमाशी म्हटली, की आपल्याला तिच्या नांगीची आठवण होते. ही मात्र माणसाला दंश करण्याच्या फंदात पडत नाही. ती भूर्जाच्या पानावर फिरते, पडद्याआड अळी कोठे आहे याचा अदमास घेते, आणि सुईसारखे अवजार पानातून आत खुपसून अळीच्या शरीरातच आपले अंडे घालते. अळी मरत नाही. ती खाते, वाढते, वेळ येताच खाली पडते, मातीत कोठडीही बांधते. एवढे सगळे तिच्याकडून करवून घेतल्यावर मग आतील पाहुणा यजमानाला खाऊन टाकतो आणि आयत्या कोठडीत हिवाळा काढतो. हे वर्णन वाचून अंगावर शहारा येणे स्वाभाविक आहे. पण पानाच्या पोटातील अळीला गाठणारा शत्रू असाच असू शकतो. पक्ष्याच्या चोचीसमोर ती एक तपकिरी डाग आहे, एवढेच.

परदेशी कीटकावर उपाय म्हणून आणखी एक परदेशी कीटक आणणे, हे चोरावर मोर होण्याची भीती असलेले काम होते. म्हणून जो शत्रू आणावयाचा, तो मोजक्याच यजमानांवर जगणारा असावा लागतो. वाटेल त्या अळीवर तुटून पडणारा असून चालत नाही. १९७० च्या दशकापासून असे निरनिराळे परोपजीवी कीटक कॅनडात व संयुक्त संस्थानांत सोडण्यात आले. त्यांतील खरे पाय रोवले ते वर वर्णिलेल्या गांधीलमाशीने. तिचे काम मात्र एका वर्षाचे नव्हते. कीटकशास्त्रज्ञ दर उन्हाळ्यात त्याच त्या झाडांकडे जात, फांद्या धरून पाने मोजीत, पोखरलेली किती आणि न पोखरलेली किती हे लिहून ठेवीत. असे तीन दशकांहून अधिक काळ चालले. या कामात नाट्य काहीच नाही. पण या नोंदी नसत्या, तर पुढे काय झाले हे कोणालाच निश्चित सांगता आले नसते. २००९ मध्ये ईशान्येकडील सात राज्यांतील नोंदी एकत्र प्रसिद्ध झाल्या. मॅसॅच्युसेट्ससह बऱ्याच भागात त्या करवतमाशीने पोखरलेले पान शोधूनही क्वचितच सापडावे, अशी स्थिती आली होती. केवळ न्यू जर्सी राज्याच्या दक्षिण भागात हा उपाय लागू पडला नाही. गांधीलमाशी तेथेही सोडली होती; पण करवतमाशी आपली जागा धरून राहिली.

याच सुमारास पश्चिमेकडे दुसऱ्या एका करवतमाशीने उच्छाद मांडला होता. तीही मूळची युरोपातील. तिची वर्षातून एकच पिढी होते आणि तिला कोवळ्या पानाची अट नाही. भर उन्हाळ्यात ती जून पानांतही अंडी घालते. अल्बर्टा प्रांतातील एडमंटन शहरात १९७० च्या दशकापासून तिने भूर्जांची दुर्दशा केली. येथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. कोणीही मुद्दाम सोडलेली नसता एक गांधीलमाशी तिच्यामागे लागली आणि १९९० च्या दशकात त्या करवतमाशीची संख्या एकदम घसरली. शास्त्रज्ञांनी या माशीला आरंभी एका जुन्याच जातीच्या नावाने ओळखले. ती जात अगदी निराळी आहे, हे २०१० मध्ये स्पष्ट झाले, तेव्हा कोठे तिला स्वतःचे नाव मिळाले. एका मोठ्या शहराचे भूर्ज जिने वाचविले, ती इतकी वर्षे परक्या नावाने वावरत होती.

तीच करवतमाशी १९९० च्या दशकात अलास्कात पोहोचली. अँकरेज शहर भूर्जांनी वेढलेले आहे. ऑगस्टमध्ये त्याची वने अवेळी तांबूस दिसू लागली. एडमंटनचा अनुभव डोळ्यांपुढे होताच. २००४ ते २००८ या काळात कॅनडातून आणलेल्या सुमारे साडेतीन हजार गांधीलमाश्या अँकरेजच्या भूर्जवनांत सोडण्यात आल्या. त्या तेथे रुजल्या. पुढील काही वर्षांत पोखरलेल्या पानांचे प्रमाण तेथे हळूहळू उतरू लागले; ज्या फेअरबँक्स शहरी त्या सोडल्या नव्हत्या, तेथे मात्र याच अवधीत ते वाढत गेले. न्यू इंग्लंडसारखा निर्णायक विजय अलास्कात झटपट मिळाला नाही. तेथील उन्हाळा आखूड असतो आणि गांधीलमाशीचीही वर्षातून एकच पिढी होते.

सप्टेंबरात अँकरेजची पाने गळतात. हिरवी, तपकिरी, पोखरलेली, न पोखरलेली, सगळी एका थरात जमिनीवर पडतात आणि त्यांवर बर्फ साचते. त्या थराखाली, मातीत बोटभर खोल, हजारो लहान लहान कोठड्या असतात. बाहेरून त्या सर्व सारख्याच दिसतात. कोणत्या कोठडीत करवतमाशी निजली आहे आणि कोणत्या कोठडीत तिला खाऊन दुसरीच कोणी निजली आहे, हे पुढच्या उन्हाळ्यात त्या फुटतील तेव्हाच कळते.